कुंपणातलं बोलणं

५ ऑक्टोबर

मब्रूका मावशीने काल सगळ्या गल्लीला कुसकुस खाऊ घातला. तिचा नौफल सापडला म्हणून. नौफल सापडलेला नाही.

दुपारी शेजारच्या सुनेने फोनवर आमच्या साइटवरचं त्याचं पान उघडलं, तर नावाखाली ‘बेपत्ता’च्या जागी हिरव्या ठळक अक्षरांत ‘सापडला’. मावशीला वाचता येत नाही, पण सुनेची किंकाळी पुरली. बायकांनी ललकाऱ्या दिल्या, कुणी ऊद जाळला, मावशीने माळ्यावरचा मोठा टोप खाली काढला. तिकडे बंदराजवळ दुसरीच एक आई भर रस्त्यात नाचत होती. संध्याकाळी अम्मार सरांचा मला फोन आला. “अरवा, पोरी, सगळीच सापडलीत. सगळीच कशी सापडतील?”

अम्मार सर निवृत्त शिक्षक आहेत. आमच्या महदिया या किनाऱ्यावरच्या गावातल्या बेपत्ता पोरांच्या कुटुंबांची संघटना तेच चालवतात. बोटीत बसून इटलीकडे निघालेली आणि पोहोचल्याचा फोन कधीच न केलेली ही पोरं. साइटवर प्रत्येकाचं एक पान आहे आणि त्याखाली कुणी काय पाहिलं, काय ऐकलं त्याचे निरोप. साइट मी सांभाळते, ऑफिसचं काम संपल्यावर, फुकट, जमेल तशी. ते ‘जमेल तशी’च नडलं.

कुणीतरी एका पानाखाली सांत्वनाचा निरोप टाकला होता. वर चार ओळी दुवेच्या आणि पोटात लपवलेला कोड. जो कुणी तो निरोप उघडेल त्याच्या नावाने तो कोड पुढच्या पानावर जाई आणि तिथे ‘सापडला’ लिहून ठेवी. कुणी केलं कळत नाही. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी रिकामटेकड्याला गंमत वाटली असेल. पण दार उघडं मी ठेवलं होतं. लोकांनी पाठवलेला मजकूर साफ केल्याशिवाय पानावर दाखवू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. ऑफिसात नव्या पोरांना तो मीच शिकवते. इथे मात्र येईल तसा दाखवत होते. म्हाताऱ्या काका-मावश्यांच्या निरोपात कसलं आलंय विष, असं वाटायचं.

मावशीला खरं सांगायला सर गेले. मला चल म्हणाले होते. मी म्हटलं, मला साइट बंद करायला बसावं लागेल. साइट बंद करायला एक बटण दाबावं लागतं.

सर परतताना माझ्या दारात थांबले. मी विचारलं, काय म्हणाली?

“झारा खाली ठेवला नाही तिने. म्हणाली, आता केलंच आहे तर जेवून जा सर.”

“मग?”

“मग काय. जेवलो.”

६ ऑक्टोबर

ऑफिसला दांडी मारली. चाळणी लिहिली.

ब्राउझर हा फार आज्ञाधारक गडी आहे. साधी अक्षरं दिसली की तो ती दाखवतो. टोकदार कंसात काही दिसलं की ते दाखवत नाही, हुकूम समजून पाळतो. अक्षर जाड कर, चित्र आण, हा कोड चालव. हुकूम मालकाचा की चोराचा, हे तो विचारत नाही. म्हणून लोकांच्या मजकुरातले कंस आपणच आधी तपासायचे असतात.

तयार चाळण्या मिळतात, जगभरच्या लोकांनी घासूनपुसून घेतलेल्या. आमच्या जुनाट सर्व्हरवर एकही बसेना, म्हणून मी स्वतःचीच लिहिली. नियम सोपा ठेवला. कंस उघडला की बंद होईपर्यंत मध्ये जे असेल ते मुळासकट उपटायचं. जाड अक्षर आणि नवी ओळ एवढ्या दोघांनाच माफी. शेवटी इकडेतिकडे सुटे राहिलेले कंसही झाडून टाकायचे. सुंदर झाली. चार ओळींत.

शेदलीला दाखवली. तो ऑफिसात माझ्यापेक्षा सीनियर, सतत खाकरत बोलतो आणि दर वाक्यात मला बहिणाबाई म्हणतो.

“बहिणाबाई, मूळ मजकुराला हात लावू नकोस. तो राहू दे तसाच डेटाबेसमध्ये. पानावर दाखवताना गाळ.”

“म्हणजे विष घरात ठेवायचं आणि रोज पाणी गाळून प्यायचं?”

“हो. उद्या चाळणी चुकली तर मूळ तरी हाताशी राहील.”

“चाळणी कोणी लिहिलीय बघितलंस का?”

“बघितलं, म्हणूनच सांगतोय,” म्हणाला आणि हसला. मला राग आला. ज्याच्यामुळे मावशीने टोप काढला ते माझ्या डेटाबेसमध्ये एक दिवसही नको होतं. सगळे जुने निरोप चाळणीतून काढून पुन्हा जागच्या जागी ठेवले. नवे येतील ते आत येतानाच गाळले जातील. जुनी प्रत पुसून टाकली. हलकं वाटलं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशीकडे जावंच लागलं. दर शुक्रवारी दुपारी मी तिला आठवड्याचे निरोप वाचून दाखवते. ती भट्टीच्या भाकऱ्या भाजत ऐकते, मला एक गरम भाकरी आणि हरिसाची तिखट चटणी मिळते. आज वाटलं दारातूनच हाकलेल. तिने भाकरी दिली. नेहमीपेक्षा मोठी दिली, आणि ते जास्त लागलं.

“तू रडू नकोस बाई,” म्हणाली. “चार घटका तरी तो जिवंत होता.”

मग न विचारताच पुन्हा तेच सांगितलं, जे ती कधीमधी सांगते. निघण्याच्या दिवशी नौफल दुवा मागायला आला होता. आमच्याकडे आईच्या दुवेशिवाय पोरगा समुद्रात पाय घालत नाही. ती म्हणाली, नाही देत, बघू कसा जातोस. तिला वाटलं, आता थांबेल. तो दारातच उभा राहिला, चपलेने उंबरा खरवडला आणि गेला.

“जाताना काय घेऊन गेला असेल माझ्यावर? राग घेऊन गेला का? एवढंच कुणी सांगितलं ना मला, मग मी कधीच काही मागणार नाही. मेलाय हे मला माहीत आहे, अरवा. कुसकुस केला तेव्हाही पोटात माहीत होतं.”

सर सगळ्या कुटुंबांना एक गोष्ट वारंवार बजावतात. गेलेल्याचं बोलणं लिहायचं असेल तर दोन्ही बाजूंना खुणा घालायच्या, दोन टोकदार इकडे, दोन टोकदार तिकडे. ते कुंपण. आत त्याचाच शब्द, तुमचा एकही शिरता कामा नये. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी शाळेत हेच शिकवलं, एका खुणेसाठी हातावर पट्टी मारली. मावशी अक्षर ओळखत नाही, पण वाचताना मला मध्येच अडवते, “हे कुंपणातलं आहे की बाहेरचं?” कुंपणातलं असेल तर हातातलं काम थांबवते.

आज एकाही निरोपात कुंपणातलं काही निघालं नाही.

१३ ऑक्टोबर

साइट अशी नीटनेटकी कधीच दिसली नव्हती. फुलं, चमकते दिवे, भलते रंग, सगळा कचरा गेला. निरोपही आटोपशीर वाटतात.

साल्कत्याहून एका कोळी काकांचा फोन आला. ओरडतच होते. “माझ्या भावाचं बोलणं कुठे गेलं?”

“काका, तुम्ही नीट टाकलं नसेल.”

“वर्षापूर्वी टाकलंय! बायको रोज वाचते!”

“तिला चष्मा बदलून द्या,” म्हटलं. वाईट बोलले. पण दिवसभर ऑफिसात मान मोडायची आणि वर हे. त्यांचा निरोप उघडून पाहिला. ‘बोट हलली तेव्हा भावाने फोन केला आणि म्हणाला. मग लाइन कट झाली.’ यात काय गेलं? माणसाला पुढे लिहवलं नसेल. अशी तुटलेली वाक्यं आता पुष्कळ दिसतात. दुःख माणसाला वाक्याच्या मध्येच गाठतं. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “असेल,” पण चेहरा पटल्यासारखा नव्हता.

१९ ऑक्टोबर

वजदीने लिहिलं!

नौफलच्या बोटीतला वाचलेला तो एकटा. लहानपणापासूनचा त्याचा दोस्त, सरांचाच विद्यार्थी. दोन वर्षं सिसिलीत कुणाच्यातरी काचघरात टोमॅटो तोडतोय आणि कुणाशी एक शब्द बोललेला नाही. त्याची आई फोनवर रडायची तर हा फोन ठेवून द्यायचा. तो हिरवा ‘सापडला’ त्याने तिकडे पाहिला म्हणे, आणि त्याला राहवलं नाही. माझ्या चुकीतून एवढं तरी चांगलं निघालं.

निरोप असा आहे.

‘इंजिन बंद पडलं तेव्हा उजाडत होतं. नंतर आम्ही दोघांनी एकच टायर धरला होता. नौफलचे हात माझ्यापेक्षा आधी निळे पडले. सूर्य वर आल्यावर त्याने तोंड माझ्याकडे फिरवलं. आईला सांग म्हणाला. मग त्याने टायर सोडला. हे मी एकदाच लिहितो आहे. मला पुन्हा विचारू नका.’

आईला सांग, म्हणाला. काय सांग? मी वरखाली पाहिलं, पुढे काही नाही. बिचाऱ्याच्या हाताने लिहवलं नसेल.

सरांनी तो निरोप दोनदा वाचला. “वजदी असं अर्धवट सोडणारा नाही. वर्गात खूण न विसरणारा तो एकच होता.”

“सर, वर्गात आणि टायरवर फरक असतो.”

“असतो,” सर म्हणाले.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशीला वाचून दाखवलं. न दाखवून कसं चालेल?

‘आईला सांग म्हणाला’पाशी तिने पिठाचे हात वर धरले आणि वाट पाहू लागली. मी पुढची ओळ वाचली. हात तसेच.

“मधलं वाच.”

“मध्ये काही नाही मावशी.”

“आईला सांग. मग?”

“मग त्याने टायर सोडला.”

“काय सांग ते नाही लिहिलं?”

“नाही.”

भाकरी जळाल्याचा वास आला, मी काढायला गेले तर हात बाजूला सारला. “वजदी चांगला पोरगा आहे,” म्हणाली. “चांगला आहे म्हणूनच गाळलंय. आईला सांगण्यासारखं नसेल ते. शिव्याच घातल्या असतील मला. शाप दिला असेल.”

“असं नसेल मावशी.”

“मग का नाही लिहिलं? तू सांग, शिकलेली आहेस.”

मी म्हटलं, दुःखात माणसाचं वाक्य तुटतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

२५ ऑक्टोबर

वजदीला तीनचारदा लिहिलं. त्याने साइटवरचं खातंच बंद केलंय. फोन नंबर वापरात नाही. सरांचे एक ओळखीचे गृहस्थ सिसिलीत आहेत, ते काचघरावर जाऊन आले. वजदी निरोप लिहिला त्याच आठवड्यात काम सोडून गेला. उत्तरेकडे गेला म्हणतात, कुठे ते कुणाला माहीत नाही. आईलाही नाही.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

मावशीने दार उघडलं नाही. भट्टी थंड. शेजारची सून म्हणाली, आठवडाभर भाकरी भाजलेली नाही, जेवतही नाही धड. “झोपेत त्याच्याशी भांडते. मोठमोठ्याने म्हणते, दिली रे, दिली दुवा, आता बोल.”

५ नोव्हेंबर

आज कळलं.

संघटनेच्या खोलीत सर एका नव्या बाईला निरोप कसा टाकायचा ते शिकवत होते. नवरा उन्हाळ्यात गेलाय तिचा. मी कोपऱ्यात चहा ओतत होते. सर म्हणाले, “आता त्याचं बोलणं. आधी कुंपण. आपली छापील खूण फोनवर सापडत नाही, शोधत बसू नकोस. हे बघ, हा टोकदार कंस, दोनदा दाब. मग त्याचे शब्द. मग उलटा कंस, दोनदा. सगळे असंच करतात.”

मी त्यांच्या बोटाकडे पाहत राहिले. चहा पेल्यावरून वाहून गेला.

कंस उघडला की बंद होईपर्यंत मध्ये जे असेल ते मुळासकट उपटायचं. सुटे राहिलेले कंसही झाडून टाकायचे.

महिनाभर ते माझ्यासमोर होतं. त्याआधी वर्षानुवर्षं ते कंस मी पानावर रोज बघत आले, वाचून दाखवत आले, आणि चाळणी लिहिताना मला फक्त चोर दिसत होता. बाकीचा मजकूर एक अक्षर न हलता राहिला. हवा कशी होती, बोट कसली होती, कोण कुठे बसलं होतं. गेलं ते फक्त त्यांचं बोलणं. ज्या ज्या कुणी सरांचं ऐकून नीट कुंपण घातलं, त्याचं त्याचं गेलं. आळशी माणसांचं वाचलं.

वजदी काहीही विसरला नव्हता. त्याने नौफलचं बोलणं अक्षर न् अक्षर लिहिलं होतं, दोन कंस उघडून, दोन बंद करून, सरांची पट्टी आठवून. आणि ते आत शिरण्याआधी दारातच माझ्या चार ओळींनी खाल्लं.

सरांना तिथेच सांगितलं. ती नवी बाई काही न कळून दोघांकडे बघत होती. सर खुर्चीत बसले आणि स्वतःच्या त्या बोटाकडे पाहायला लागले.

“म्हणजे मी शिकवलं म्हणून,” ते म्हणाले.

“नाही सर. मी लिहिलं म्हणून.”

त्यांना ते ऐकू गेलं असं वाटलं नाही.

६ नोव्हेंबर

शेदलीने दिवसभर माझ्याबरोबर शोधलं. आज एकदाही बहिणाबाई म्हणाला नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांकडे फक्त गेल्या आठवड्याची प्रत असते. जुनी प्रत मी हौसेने पुसली. वजदीचं तर पुसायलाही कधी उरलं नव्हतं, ते कुठेच साठलं नाही.

“मी सांगितलं होतं,” असं त्याने म्हणावं म्हणून मी वाट पाहत होते. तो म्हणाला नाही. चाळणी नव्याने लिहायला मदत केली. आता मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो, आणि दाखवताना प्रत्येक कंसाचं साधं अक्षर केलं जातं. ब्राउझर तो दाखवतो, पाळत नाही. कोड असो की बोलणं, काहीच खाल्लं जात नाही. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर एका तासाचं काम होतं.

१४ नोव्हेंबर

सर म्हणाले, कुटुंबांना बोलावून सांगायचं. आज सांगितलं. खोली पुरली नाही, माणसं जिन्यात उभी होती. मब्रूका मावशीही आली, भिंतीला टेकून बसली.

मी बोलून झाल्यावर कुणाला नीट कळलंच नाही. मग साल्कत्याचे ते कोळी काका उठले. “म्हणजे माझ्या बायकोला चष्मा नको.”

“नको काका.”

“मग मला हे सांग. समुद्राने खाल्लं ते कमी पडलं होतं का तुला?”

कुणी त्यांना खाली बसवलं नाही. एक बाई ओरडली की हिला साइटला हात लावू देऊ नका. दुसरी म्हणाली, मग कोण करणार, तुझा दादला? तिसरी नुसती रडत होती. तिच्या पोराच्या पानावर एकच निरोप होता आणि तो पूर्ण कुंपणातलाच होता. आता ते पान कोरं आहे.

मग लोक आठवून सांगायला लागले. पुन्हा लिहून घे, पुन्हा टाक. दोन भावांचं तिथेच जुंपलं. थोरला म्हणे, तो म्हणाला होता ‘आम्हाला दिवे दिसतायत’. धाकटा म्हणे, नाही, ‘दिवे गेले’ म्हणाला. तासाभरापूर्वी दोघांचाही भाऊ एकच होता, आता दोन झाले.

सर उभे राहिले. आवाज बसला होता. “आठवतंय ते लिहा. पण कुंपणाशिवाय लिहा. खूण म्हणजे शपथ. ज्याचं जे बोलणं जसंच्या तसं हाती असेल, तेवढंच खुणांच्या आत. नाहीतर उद्या आपण आपल्याच पोरांच्या तोंडी आपले शब्द घालू.”

“तुमच्या त्या खुणांनीच तर गेलं सगळं,” मागून कुणीतरी म्हणालं. सर खाली बसले.

जाताना मावशी माझ्यासमोर थांबली. “म्हणजे वजदीने लिहिलं होतं?”

“हो.”

“आणि तुझ्याकडे आलं होतं?”

“हो मावशी.”

“तू वाचलं नाहीस?”

“मी वाचायच्या आधीच गेलं.”

तिने मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर मला घरी जाता आलं असतं. मी बंदरावर जाऊन बसले आणि पोटभर रडले.

२४ नोव्हेंबर

सर घरी आले. ऑलिव्हच्या तोडणीचे दिवस, गावभर गिरणीचा वास, आणि सर थंडी वाजत असल्यासारखे कोट आवळून.

“वजदीचा फोन आला होता,” म्हणाले.

मी किंचाळलेच. आई स्वयंपाकघरातून धावत आली. “कुठून? कुठे आहे तो? नंबर द्या सर!”

“दुसऱ्या कुणाच्या फोनवरून होता. नंबर नाही.”

“नौफल काय म्हणाला ते सांगितलं?”

“सांगितलं.” त्यांनी खुर्ची ओढली. “मला टाकू दे. मीच टाकतो.”

एका बोटाने, सावकाश, वजदीच्या निरोपाखाली स्वतःच्या नावाने त्यांनी लिहिलं. वजदीने फोनवर सांगितलं, नौफल म्हणाला, आईला सांग, तिची दुवा न घेता निघालो ही माझी चूक. तिने ती मनातल्या मनात दिली होती हे मला ठाऊक आहे. तिच्यावर माझा राग नाही.

मला हुंदका आला. सुटलो आपण, असं वाटलं. मग दिसलं. “सर, खुणा राहिल्या.”

“राहू दे.”

“आता काही होत नाही सर. मी बदललंय सगळं. कितीही कंस घाला, एक अक्षर जात नाही.”

“राहू दे म्हटलं ना, अरवा.”

चहाही न घेता गेले. एवढा कडक माणूस, माझ्यामुळे खुणांनाच घाबरायला लागला. वाईट वाटलं. पण आनंद त्याहून मोठा होता.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशीने दार उघडलं. मी आत शिरता शिरताच सांगून टाकलं, वजदीचा फोन आला, नौफलचं बोलणं मिळालं. ती खाली बसली. बाहीने तोंड पुसलं, डोक्यावरचं फडकं नीट केलं, पाहुणा येणार असल्यासारखं.

मी वाचलं. सावकाश, एकेक शब्द.

“परत वाच.”

परत वाचलं. तिचे डोळे भरले. हात गुडघ्यावर उघडे होते. मला वाटलं, आता मला माफी मिळणार. असंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

“हे कुंपणात आहे ना?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. सरळ म्हटलं. तिने विचारलं आणि पानावर नव्हतं म्हणून. “सरांना मी सांगत होते घाला म्हणून. ते नकोच म्हणाले.”

म्हणता म्हणताच मला तिचा चेहरा दिसला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कोट आवळून बसलेले सर. नंबर नसलेला फोन. खूण म्हणजे शपथ. आजवर कधी खोटं न लिहिलेला माणूस माझ्या घरी येऊन, माझ्या खुर्चीत बसून, माझ्यासाठी आणि तिच्यासाठी खोटं लिहून गेला. आणि खोट्याला कुंपण घालायला त्याचं बोट काही वळलं नाही. मी एक ‘हो’ म्हटलं असतं तर ते सगळं सार्थकी लागलं असतं.

“मावशी,” मी म्हटलं, “मला...”

“नौफलने जन्मात कधी ‘माझी चूक’ म्हटलं नाही,” ती म्हणाली. हसली थोडंसं. “दूध सांडलं तरी मांजर म्हणायचा. मला पहिल्या वेळेलाच वाटलं, हा माझा पोरगा नाही, हे सर आहेत. शाळेतही असेच सांभाळून घ्यायचे त्याला.”

मी तिच्या पायाशी बसून रडत होते. तिने मला रडू दिलं. मग उठून पिठाचं भांडं काढलं. किती दिवसांनी काढलं असेल.

“सरांना सांगू नकोस मला कळलं म्हणून. त्यांचं राहू दे खाली. दर शुक्रवारी वाच, मी ऐकीन. त्यांनी माझ्यासाठी केलंय ते.” पीठ मळताना मध्येच थांबली. “पण वर वजदीचं जे आहे ना, जिथे ‘आईला सांग’ म्हणाला आणि पुढे काहीच नाही, तिथे कुणाला काही भरू देऊ नकोस. सरांनाही नाही. तिथे माझा पोरगा बोललाय.”

“काय बोललाय ते आता कधीच कळणार नाही मावशी.”

“नाही कळणार,” ती म्हणाली. “ते मी माझ्याबरोबर घेऊन जाईन.”

भट्टीची पहिली भाकरी तिने मला दिली. मी ती खाल्ली नाही, घरी आणली. वजदीचा निरोप उघडला. ‘आईला सांग म्हणाला’ याच्यापुढे दोन कंस उघडले आणि दोन बंद केले. मध्ये काही लिहिलं नाही. पान पुन्हा उघडून पाहिलं. नव्या चाळणीने ते तसेच राहू दिले होते.